श्रेय सोडावे, भार नाही

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याने केला. काम 1877 साली सुरू झाले आणि 1884 साली संपले. मँट मात्र 1881 सालीच वारला. त्याच्या हातचा टाऊन हॉल तोवर शहरात उभा राहिला होता आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम चालू होते. त्याच्या शेवटच्या दिवसांविषयी वास्तुकलेच्या इतिहासात एक आख्यायिका सांगितली जाते. आपल्या आकडेमोडीत चूक राहिली आहे, आपण रेखाटलेले राजवाडे कोसळणार, या धास्तीने त्याच्या मनाचा तोल गेला आणि त्यातच त्याचा अंत झाला, अशी ती आख्यायिका. लक्ष्मीविलासचे उरलेले काम रॉबर्ट चिझमने 1890 साली पुरे केले. दोन्ही वास्तू आज ठणठणीत आहेत. कोल्हापूरच्या राजवाड्याने तर 1967 सालचा कोयनेचा भूकंपही सोसला. मँटची भीती अनाठायी होती, हे काळानेच सिद्ध केले. मग त्याला कोणी वेळेवर गीता समजावून सांगितली असती, काम तुझे आहे, फळ तुझ्या हाती नाही, असे बजावले असते, तर तो वाचला असता का? आपल्याकडे बहुतेक जण या प्रश्नाला चटकन होकार देतील. माझ्या मते तो होकार अर्धाच बरोबर आहे, आणि त्यातल्या चुकीच्या अर्ध्यावर आपली शहरे उभी राहत आहेत.

हा प्रश्न शेतकऱ्याला, शिक्षकाला, वैद्यालाही विचारता येतो. पण उंच इमारत रचणाऱ्याला तो जितका टोचतो तितका इतर कोणाला टोचत नसेल. कोल्हापूरचा राजवाडा पुरा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1885 साली, शिकागोत विल्यम ले बॅरन जेनी याची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली. गगनचुंबी इमारतींची वंशावळ सहसा तिच्यापासून मोजतात, कारण तिचे वजन मुख्यतः भिंतींनी नव्हे, धातूच्या सांगाड्याने पेलले. मँटच्या पिढीपर्यंत भिंत जाड केली की इमारत भक्कम होते, हे गवंड्याला हाताने आणि डोळ्याने कळत असे. सांगाडा आला आणि भरवसा हाताकडून कागदाकडे गेला. पुढे मजले वाढत गेले तसे कळले की उंचीचा खरा वैरी वजन नसून वारा आहे. ढाक्यात 1929 साली जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी शिकागोत बसून त्यावर उपाय शोधला. बाहेरचे खांब जवळजवळ घेऊन सबंध इमारतीलाच नळीसारखे एकसंध करायचे, ही त्यांची युक्ती. 1974 सालचा 442 मीटर उंचीचा सिअर्स टॉवर याच विचारातून आला. म्हणजे या व्यवसायातला माणूस आयुष्यभर करतो काय? त्याने न पाहिलेल्या वादळाबद्दल, त्याला कधीही न भेटणाऱ्या माणसांना, तो स्वतः हयात नसेल अशा काळासाठी कागदावर हमी देतो. त्याच्या कर्माचे फळ जवळजवळ सगळे दुसऱ्यांच्या पदरात पडते. अशा माणसाला फळाचा विचार करू नकोस, असे सांगणे म्हणजे नेमके काय सांगणे आहे?

इथे फळ या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी आपण एकत्र बांधतो. एक फळ कर्त्याकडे परत येते. मोबदला, नाव, पुरस्कार, शहराच्या क्षितिजावर उमटलेली आपली खूण, हे ते फळ. दुसरे फळ कर्त्यापासून दूर जाते आणि इतरांवर जाऊन पडते. कोणाला घर मिळते, कोणाचे ऊन जाते, कोणाच्या डोक्यावर स्लॅब कोसळतो. गीतेचा दुसरा अध्याय आसक्ती सोडायला सांगतो ती पहिल्या फळाची. दुसऱ्याविषयी तिचे म्हणणे अठराव्या अध्यायात आहे, आणि ते फारसे उद्धृत होत नाही. तिथे कर्माचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार केले आहेत. यातून पुढे काय ओढवेल, किती हानी होईल, कोणाला इजा पोचेल, आपली कुवत किती, हे न पाहता मोहाने आरंभलेले काम तामस ठरवले आहे. परिणामांचा विचार न करणे हा निष्काम कर्माचा गुण असता तर त्याच ग्रंथाने त्याला सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवले नसते. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. काय करावे आणि काय करू नये याचा काथ्याकूट टाळून थेट निष्कामतेवर उडी मारता येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तेव्हा माझे म्हणणे असे: फलत्याग बांधणाऱ्याला श्रेय सोडायला सांगतो, भार सोडायला नव्हे. उलट श्रेयाची ओढ सुटली की भार नीट उचलता येतो, कारण मग आपली चूक शोधताना आपलेच मन आड येत नाही.

श्रेय सोडण्याची महाराष्ट्रातली परंपरा जुनी आहे. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीतले, आठव्या शतकातले. नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदे ताम्रपटात त्याचे वर्णन आले आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि खुद्द ज्याने ते घडवले तो शिल्पकारही, हे माझ्या हातून झाले तरी कसे, म्हणून चकित झाला, असा त्याचा आशय आहे. त्या शिल्पकाराचे नाव मात्र ताम्रपट देत नाही. पण निनावी राहण्यातच पुण्य आहे, असे यावरून ठरवू नये. निनावीपणात एक पळवाटही असते. ज्याचे नाव कुठेच नाही त्याला जाब कोणी विचारायचा? रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे आणि त्यासोबत बिरूद कशाचे, तर सेवेला तत्पर असल्याचे. ज्या दगडावर पाय पडतात तिथे नाव घालणारा माणूस मिरवत नाही. तो हजेरी देतो. नाव श्रेयासाठी घालायचे की उत्तर देण्यासाठी, हा भेद या पायरीवर स्पष्ट दिसतो. आज इमारतींच्या जाहिरातींत वास्तुविशारदाचे नाव ठळक असते. वीस वर्षांनी गच्ची गळायला लागली, सळई फुगून खांबाचे प्लास्टर सुटले, की त्याच इमारतीचा आरसीसी कन्सल्टंट कोण होता हे रहिवाशांपैकी एकालाही सांगता येत नाही.

हा सगळा विचार मुंबई-न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांपुरता आहे आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेचा त्याच्याशी संबंध नाही, असे कोणी म्हणेल. उंची ही मात्र शेजाऱ्याच्या मानाने मोजायची गोष्ट आहे. मोकळ्या माळावर तीस मजल्यांनी जे होत नाही ते अरुंद बोळात सात मजल्यांनी होते. मिरजकर तिकटी, खासबाग, बेलबाग या परिसरातली जुनी घरे सोपा, मधघर, माडी आणि मागे परडे अशा बेताची होती. घर शेजारच्या भिंतीला टेकलेले असले तरी ऊन परड्यातून आणि माळवदावरून आत येई. चार भावांच्या वाटण्या झाल्या, एका सोप्यात चार संसार मावेनात, तेव्हा वाडा पाडून अपार्टमेंट उभारण्यात काही पाप नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि कोल्हापूरसारख्या शहरांना उंचीची वाट अधिक मोकळी झाली. पण चटई क्षेत्राचा हिशेब गिऱ्हाईक आणि महापालिका यांच्यात मिटतो. शेजारच्या कौलारू घरातली म्हातारी त्या हिशेबात कुठेच नसते. तिच्या अंगणातले ऊन, बोळातल्या गटाराची ताकद, नळाच्या पाण्याचा दाब, अग्निशमनाचा बंब आत वळेल की नाही, हे सगळे त्या कर्माचे फळ आहे आणि ते तिच्या वाट्याला येणार आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागेलगतचे केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्या शहराने पाहिले, त्याला रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांचे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या पेठेपासून काही मिनिटांच्या अंतरावर अंबाबाईच्या देवळात उंची आणि ऊन यांचे नाते वर्षातून दोनदा डोळ्यांना दिसते. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात; हाच किरणोत्सव. परंपरेप्रमाणे पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचावीत. काही वर्षी ती पोचत नाहीत. कधी ढग आड येतात, कधी हवेतला धुरळा आणि बाष्प, आणि कधी मार्गातली बांधकामे आणि फलक. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर असला की इमारतीची सावली तिच्या उंचीच्या अकरा पटींहून लांब पडते. पंधरा मीटरच्या इमारतीची सावली दीडशे मीटरच्या पुढे जाते. म्हणजे देवळाच्या आवाराशी काहीएक संबंध नसलेल्या गच्चीवरची पाण्याची टाकीही गाभाऱ्यापर्यंत पोचू शकते. यावर बुद्धिवादी आक्षेप घेईल की देवीला उन्हाची गरज नाही, आणि भाविकांच्या समजुतीसाठी कोणाच्या मालकीच्या जागेवर बंधन का यावे? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. अद्वैतीही तो मान्य करील. पण किरणोत्सवाचे मोल देवीच्या गरजेवर अवलंबून नाही. ज्या स्थपतीने महाद्वार आणि गाभारा एका रेषेत धरला त्याने मधल्या सगळ्या अवकाशावर विश्वास ठेवला होता. तो अवकाश त्याच्या मालकीचा नव्हता आणि त्यानंतरही कोणाच्या मालकीचा झाला नाही. ऊन ही अशी सामाईक चीज आहे की ती कोणीतरी अडवल्यावरच आपल्याला तिचा पत्ता लागतो. देवीच्या बाबतीत निदान कॅमेरे लावून किरणे कुठवर पोचली ते पाहिले जाते. बोळातल्या म्हातारीच्या अंगणात ऊन कधीपासून येईनासे झाले याची नोंद कोणी ठेवत नाही. किरणोत्सव तिच्या वतीनेही साक्ष देतो, असे मी मानतो.

आता खरा अवघड आक्षेप. इमारत एकटा माणूस बांधत नाही, मग भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर का? गीतेचा अठरावा अध्यायच सांगतो की कोणत्याही कर्माला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. ही यादी बांधकामाला इतकी चपखल बसते की जणू साइटवर उभे राहूनच केली असावी. अधिष्ठान म्हणजे जमीन आणि तिच्याखालचा मुरूम किंवा काळी माती. कर्त्याच्या जागी वास्तुविशारद, कन्सल्टंट, बिल्डर. साधने म्हणजे सिमेंट, सळई, सेंट्रिंगच्या फळ्या. क्रियांमध्ये वाळू चाळणाऱ्या बाईपासून स्लॅबवर पाणी मारणाऱ्या वॉचमनपर्यंत सगळे येतात. आणि दैव म्हणजे वारा, भूकंप, पूर. या पाचांतून एकट्या कर्त्याला वेगळे काढणे हा अविचार, असेही तो अध्याय म्हणतो. मान्य. परंपरेत हे विवेचन आत्म्याच्या अकर्तेपणासाठी येते, हेही मान्य. पण व्यवहाराला त्याचा उपयोग व्हायला त्यामुळे बाधा येत नाही. प्रश्न एवढाच की कारणे पाच झाली म्हणून जबाबदारीचे पाच तुकडे होतात का? इमारत कोसळल्यावर आपल्याकडे नेमके हेच होते. वास्तुविशारद नकाशापुरता, कन्सल्टंट गणितापुरता, ठेकेदार मालापुरता, महापालिका शिक्क्यापुरती जबाबदार, आणि उरलेले सगळे दैवाच्या खात्यावर. पण जबाबदारी ही जमिनीसारखी वाटणी करून कमी होणारी वस्तू नाही. तालमीत वस्तादाने शिकवले, पोराने डाव टाकला, आखाड्याची माती तिसऱ्याने मळली. पोराचा हात मोडला तर वस्ताद माझा वाटा एक तृतीयांश, असे म्हणत नाही. दुसऱ्यांचाही वाटा आहे म्हणून त्याचा स्वतःचा भार हलका होत नाही.

दैवाविषयी तर अधिकच जपून बोलले पाहिजे. यादीत ते पाचवे आहे. पहिली चार आपापल्या जागी चोख असतील तेव्हाच त्याचा उल्लेख शोभतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे कोल्हापुरात पावसाळ्यात शाळकरी पोरेही सांगतात. 2005 साली महापूर आला, 2019 साली नदी 55 फुटांच्या वर गेली, 2021 साली पुन्हा महापूर आला. पहिला पूर दैव म्हणता येईल. तिसऱ्यानंतर पूररेषेच्या आत भराव टाकून पाया घेणाऱ्याला तो शब्द वापरण्याचा अधिकार राहत नाही. जे माहीत आहे, जे नोंदलेले आहे, ते दैवातून बाहेर पडून कर्त्याच्या खात्यावर येते. विज्ञान जसजसे वाढते तसतसा दैवाचा प्रांत आक्रसतो आणि जबाबदारीचा वाढतो. उंच इमारतींचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास याहून फारसे वेगळे काही सांगत नाही. याच अध्यायाच्या आधारे आणखी एक बचाव होतो. ज्याच्या ठायी अहंकार नाही त्याला कर्म चिकटत नाही, असेही तिथे म्हटले आहे ना? म्हटले आहे. पण ही अवस्था स्वतःविषयी दावा म्हणून सांगण्याची नाही. ज्याने शुल्क घेतले, फलकावर नाव घातले, जाहिरातीत छायाचित्र दिले, त्याने अपघातानंतर अहंकारशून्यतेचा आधार घेणे म्हणजे नफ्याच्या वेळी संसारी आणि तोट्याच्या वेळी संन्यासी होणे आहे.

मग मँटचे काय? त्याने तर सगळा भार घेतला. तो त्याखाली मोडला. भार घ्या म्हणणाऱ्याला या गोष्टीचे उत्तर द्यावेच लागेल. त्यासाठी न्यूयॉर्कमधला एक प्रसंग शेजारी ठेवून पाहू. 1977 साली तिथे सिटीकॉर्प सेंटर ही 59 मजल्यांची, 279 मीटर उंचीची इमारत पुरी झाली. जागेच्या एका कोपऱ्यावर सेंट पीटर्स चर्च असल्यामुळे तिचे भलेमोठे खांब कोपऱ्यांत न देता चारही बाजूंच्या मध्यावर दिले होते. 1978 साली तिचा स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेशुरिए याच्या लक्षात आले की सांगाड्याचे सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडले गेले आहेत, आणि तिरप्या वाऱ्याचा जोर धरला तर मोठ्या वादळात ते टिकतील याची खात्री नाही. गप्प बसणे आणि जीव देणे हे दोन्ही पर्याय मनात येऊन गेले, असे त्याने पुढे सांगितले. म्हणजे मँटच्याच उंबरठ्यावर तोही उभा होता. पण त्याने आपली आकडेमोड इतरांपुढे मांडली. वास्तुविशारद, बँक, विमा कंपनी, शहराचे अधिकारी एकत्र आले आणि रात्रीच्या रात्री पोलादी पट्ट्या वेल्ड करून सांधे भक्कम केले गेले. त्या तिरप्या वाऱ्याचे गणित खरोखर इतके भयंकर होते का, याबद्दल पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. म्हणजे कदाचित त्याचीही भीती मँटसारखी अवाजवी असेल. फरक भीतीच्या खरेखोटेपणात नाही. मँटच्या आख्यायिकेत भीती एकट्याच्या मनात कोंडली गेली. इमारत मी उभी केली, पडली तर मीच पाडली. हे कर्तेपण श्रेय घेणाऱ्याच्या कर्तेपणाइतकेच अवाजवी आहे, फक्त दिशा उलटी. पाच कारणांचा सिद्धांत इथे कामाला येतो. तो भार झटकण्यासाठी नाही, तर उरलेल्या चौघांना हाक मारण्यासाठी आहे. लेमेशुरिएच्या वागण्यातही एक मोठी खोट राहिली. त्या इमारतीत काम करणाऱ्यांना आणि आजूबाजूला राहणाऱ्यांना काहीच कळवले गेले नाही. हकीकत सगळ्यांपुढे आली ती 1995 साली. ज्यांच्यावर फळ पडणार होते त्यांनाच त्याने विचारात घेतले नाही. भार वाटून घेतला, पण तो पैसे देणाऱ्यांशी.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की इतका विचार करत बसले तर एकही मजला वर चढणार नाही, आणि जमीन वाढत नसताना उंचीला पर्याय काय? उंचीला माझा विरोध नाही. मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी शिरीष पटेल या अभियंत्याच्या साथीने बांधलेले कांचनजंगा हे अपार्टमेंट 1983 साली पुरे झाले. 84 मीटरच्या त्या इमारतीत समुद्राचा वारा आणि नजारा पश्चिमेला, पण दुपारनंतरचे ऊन आणि पावसाचा मारही पश्चिमेलाच. जुन्या बंगल्यांना भोवतालची ओसरी जे करून देई ते कोरियांनी दोन मजले उंचीच्या खोल सज्जांतून साधले. ती श्रीमंतांची घरे आहेत, हे खरे. पण राहणाऱ्यावर काय पडणार याचा विचार उंचीला मारक नसतो, उलट त्यातूनच नवी रचना सुचते, हे त्या इमारतीने दाखवले. फझलुर खान यांची नळीसारखी रचनाही वाऱ्याचा विचार टाळून नव्हे, तो आधी पत्करून निघाली. ज्याला परिणामांचा विचार अडचण वाटतो तो बहुधा उंचीच्या नव्हे, उंचीतून सुटणाऱ्या चटई क्षेत्राच्या मागे असतो.

दुसरा व्यवहारी आक्षेप कायद्याचा आहे. जबाबदारी ठरवायला कायदा आहे. धर्माने आणि तत्त्वज्ञानाने त्यात पडू नये. कायदा हवाच. पण त्याची पोच पाहा. हम्मुराबीच्या संहितेत घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड होता. त्याने मेलेला परत येत नव्हता. आपल्या 2016 च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर विकासकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. हे मोठेच पाऊल आहे, पण इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहणार असते आणि कायद्याशी नाते ताबा घेणाऱ्याचे असते, शेजाऱ्याचे नव्हे. कायदा नुकसान झाल्यावर जागा होतो; आरंभाआधीचा विचार तो सक्तीने करवून घेऊ शकत नाही. तो विचार कुठून येणार? आपल्या रीतीभातींत त्याचे बीज आहे. भूमिपूजनात जमिनीवर घाव घालण्याआधी तिची क्षमा मागतात. वास्तुशांतीमागचा एक समज असाच आहे की घर उभे करताना झाडे तुटली, किडामुंगी मेली, माती उकरली गेली, त्या हिंसेबद्दल नम्र व्हावे. आज पाचव्या मजल्यावरचा मालक आपल्या सदनिकेची वास्तुशांत वेगळी करतो, तिसऱ्या मजल्यावरचा वेगळी. सबंध इमारतीने शेजारच्या बोळाचे जे घेतले त्याबद्दल कोणीच काही म्हणत नाही. विधी टिकला आहे, त्यातला हिशेब सदनिकेच्या उंबरठ्याशी थांबला आहे. तो हिशेब बोळापर्यंत नेणे हे धर्माचे काम आहे, कारण न्यायालयाच्या दारात जायच्या आधीचा प्रांत धर्माचा.

तो हिशेब आधी करता येतो याचा पुरावा मंगळवार पेठेलगतच आहे. शाहू महाराजांनी 1902 च्या विलायतेच्या दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि 1912 साली खासबाग मैदान उभे केले. मध्ये मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारा उतार, अशी त्याची बशीसारखी रचना आहे. पुढे बसलेल्याचे डोके मागच्याच्या नजरेआड येऊ नये, हा त्या उतारामागचा विचार. सगळ्यांत मागे बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसावी, हे तिथे आरंभीच ठरले होते. उंच इमारतीच्या आराखड्याला हाच प्रश्न विचारता येतो: हिच्यामागे कोण बसले आहे आणि त्याला यानंतर काय दिसणार?

निष्काम कर्माचा क्रम असा आहे की आरंभी परिणामांचा पुरता विचार करावा आणि शेवटी श्रेयावरचा हक्क सोडावा. आपण तो उलटा केला आहे. आरंभी परिणाम दैवावर सोपवतो आणि शेवटी श्रेयाचा फलक लावतो. क्रम सरळ करायचा तर फार मोठ्या तपश्चर्येची गरज नाही. मंजुरीआधी सावलीचा, पाण्याचा आणि बंबाच्या वाटेचा नकाशा शेजाऱ्यांपुढे ठेवावा, आणि त्यांच्या हरकतींना वास्तुविशारदाने स्वतः उत्तर द्यावे. इमारत पुरी झाल्यावर वास्तुविशारद, कन्सल्टंट आणि ठेकेदार यांची नावे वर्षासकट जिन्याच्या पहिल्या पायरीशी कोरावीत, म्हणजे चाळीस वर्षांनी खांबाला तडा दिसला तर विचारायचे कोणाला, किंवा कोणाच्या कचेरीतले कागद मागायचे, हे रहिवाशांना कळेल. यामुळे उंची थोडी घटेल, नफाही थोडा घटेल, आणि काही आराखडे टेबलावरच मोडतील. टेबलावर मोडलेल्या आराखड्याखाली माणूस सापडत नाही. तेव्हा हा तोटा ज्याला सोसवत नाही त्याने निष्कामतेची भाषा तरी करू नये.